नऊ तास दहा मिनिटं

आमच्या तिकीट कार्यालयात तीन टेबलं आणि एक उंबरठाकाका. हे नाव मीच ठेवलं. विमानाला किती वेळ लागतो असं कुणी विचारलं, की सरळ उत्तर द्यायचं सोडून हे उलट विचारणार, "घरातून की विमानतळावरून?" मग पाठकोऱ्या कागदावर मांडणी सुरू. घर ते विमानतळ, रांग, तपासणी, उड्डाण, सामान, पुढची बस. खाली बेरीज, उंबरठा ते उंबरठा. शेजारच्या तिकीटवाल्यांनी नऊ तास सांगितलेलं गिऱ्हाईक आमच्याकडे वीस तास ऐकून काढता पाय घ्यायचं. माझा तिळपापड व्हायचा.

"काका, विमान तुम्ही चालवता का? मग उशीर कशाला करता?"

"लोक विमानतळावर राहत नाहीत गं," एवढंच म्हणायचे.

एका दुपारी समोरच्या चष्म्याच्या दुकानातली बाई धावत आली. पाठीला बॅग, पायात दुकानातल्याच सपाता. तिचे वडील लांबच्या गावी दवाखान्यात होते, शेवटचेच म्हणा.

"सव्वाचारचं विमान आहे ना? नऊ तास दहा मिनिटं. मी बघितलंय. बसवा मला त्यात."

काकांनी कागद ओढला. आज तरी नको, म्हणून मी डोळे वटारले. पण ऐकतील तर काका कसले! त्यांनी बेरीज केली. एकोणीस तास.

"डॉक्टर काय म्हणाले, ताई?"

"संध्याकाळ निघाली तर नशीब."

"बोलताहेत?"

"थोडं थोडं."

"विमानात फोन लागणार नाही," काका म्हणाले. "तिकीट काढा म्हणालात तर आत्ता काढतो. पण आतली खोली रिकामी आहे."

ती कागदाकडे बघत राहिली. मग आत गेली आणि तिने वडिलांपाशी असलेल्या भावाला फोन लावला. आम्ही कुणी आत फिरकलो नाही. मध्येच एकदा ती हसल्याचं ऐकू आलं. पाच वाजता ती बाहेर आली तेव्हा वडील गेले होते.

महिन्याने ती परत आली ती तावातावानेच. "मला जायला हवं होतं. निदान वाटेत तरी असते! तुमच्या त्या कागदाने अडवलं मला."

माझं डोकंच फिरलं. "अहो, पाच वाजता तुमचं विमान जेमतेम..."

काकांनी माझं मनगट दाबलं. "खरंय ताई," ते म्हणाले. "मीच अडवलं."

मग ती त्यांना नाही नाही ते बोलली. काका मान खाली घालून उभे राहिले. बोलता बोलता तिला रडू फुटलं आणि ती तिथेच खुर्चीवर बसून हमसाहमशी रडली. काकांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. बऱ्याच वेळाने, जाताना, ती "येते" म्हणाली.

ती गेल्यावर मी काकांवर घसरले. "तुमची काय चूक होती? सांगायचं ना तिला!"

"वेळ तिनेही मोजलाय, मी काय सांगणार?" काका कागद सारखे करत म्हणाले. "माझी आई गेली तेव्हा मी वाटेतच होतो गं, विमानात. घरी पोहोचल्यावर मला कुणी काही बोललं नाही. मलाही कुणावर ओरडता आलं नाही. बारा वर्षं झाली, अजून तो राग स्वतःवरच काढतोय."