काकूंचं नाव मला कुठे ठाऊक होतं!

ज्युरीचं समन्स आलं तेव्हा ऑफिसातली मंडळी म्हणाली, काहीतरी कारण सांग आणि सुटका करून घे. मी म्हटलं, का म्हणून? इथे मत देतो, तर हेही करू. मग कार्डिफच्या कोर्टात मशीनची कडू कॉफी पीत ताटकळत बसले. मला वाटलं होतं, सिनेमातल्यासारखे खोदून खोदून प्रश्न विचारून निवडतील. कसलं काय! क्लार्कने चिठ्ठ्या उचलाव्यात तशी कार्डं काढून बारा जणांना पुकारलं. जजनी साक्षीदारांची नावं वाचली आणि विचारलं, यांपैकी कोणी ओळखीचं आहे का? एक आडनाव आपल्याकडचं होतं. नीट आठवून पाहिलं, पण त्या नावाचं मी कोणालाच ओळखत नव्हते. नाही म्हटलं आणि शपथ घेतली.

एका वयस्कर बाईला बस स्टॉपवर ढकलून कोणीतरी गळ्यातली चेन ओढली होती. पहिली साक्ष तिचीच. दार उघडलं आणि आत आल्या आमच्या मंडळातल्या काकू! कित्येक वर्षं हळदीकुंकवाला भेटतोय, फोनमध्येसुद्धा 'काकू' म्हणूनच सेव्ह. मोठ्यांना नाव विचारतं का कोणी आपल्यात? आणि या बाईने झाल्या प्रकाराबद्दल मंडळात चकार शब्द काढला नव्हता.

काकू कठडा धरून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढल्या. मला पाहिलं आणि चेहराच उजळला. "अगंबाई, तू आहेस होय! बरं झालं गं!" भर कोर्टात, मराठीत.

झालं! आम्हाला बाहेर काढलं. मला एकटीला आत बोलावून विचारलं, मी खरं ते सांगितलं. ओळख सगळ्यांसमोर उघड झालेली, म्हणून अख्खी ज्युरी बरखास्त, नवी तारीख थेट पुढच्या वर्षीची. माझं डोकंच फिरलं. अहो, नावं कसली वाचता? फोटो दाखवला असतात तर तिथल्या तिथे हात वर केला असता! पण ऐकतंय कोण? कोर्टातल्या बाईंनी गोड हसून माझा बॅज काढून घेतला.

नंतर काकूंना फोन केला. म्हटलं, पुढच्या वेळी मी बरोबर येते, मागे बसून राहीन.

"नको गं," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडे बघूनच सांगणार होते मी. आता पुन्हा परक्यांपुढे सगळं पहिल्यापासून? माझ्याच्यानं नाही होणार. कळवून टाकलंय त्यांना, येणार नाही म्हणून. सुटू दे मेल्याला."

आणि सुटला तो.