दाराशी आलेली मुकी रिक्षा

मावशींची जुनी रिक्षा कोपऱ्यावर वळली की अख्ख्या गल्लीला कळायचं. फटफटायची, खोकायची, चढावर तर आता राम म्हणते की काय असं वाटायचं. मावशींच्या नवऱ्याला मात्र तोच आवाज हवा असायचा. नजर गेल्यापासून एकेक काम हातातून सुटलं होतं. उरलं होतं एवढंच, रिक्षा ऐकू आली की चहा टाकायचा आणि मावशी दाराशी पोचायच्या आत कडी काढायची. हे काम तो मोठ्या तोऱ्यात करायचा.

मग स्टँडवर एकामागून एक बॅटरीच्या रिक्षा यायला लागल्या. मावशींनी खूप नाकं मुरडली. "यापेक्षा आमचा मिक्सर बरा, निदान ओरडतो तरी!" पण क्लच दाबून दाबून डावा हात ठणकायचा. शेवटी त्यांनीही एक घेतली आणि जुनी पलीकडच्या आळीतल्या ढेरपोट्याला विकली. हात मोकळा झाला, धूर गेला, मावशी खूश.

पण आता घरी आलं की दार बंद. कडी वाजवावी तेव्हा नवरा चाचपडत यायचा, आणि चहा थंडगार. "ऐकूच नाही आलं गं," म्हणायचा. डोळ्यांपाठोपाठ कानही चालले की काय, असं मावशींना वाटू लागलं.

एक दिवस ढेरपोट्याने त्यांना गाठलं. "ताई, रागावू नका. तुमची जुनी रिक्षा घेऊन तुमच्या गल्लीतून गेलो की भाऊजी दार उघडून उभे. 'तू होय? घे, आता केलाच आहे तर,' म्हणतात आणि चहा देतात. 'हात आपोआप जातो रे, हिला सांगू नकोस,' असंही म्हणाले."

एरवी मावशींनी त्याला फाडून खाल्लं असतं. आज त्यांनी रिक्षा सरळ घराकडे वळवली.

"मी हॉर्न वाजवत जाईन," त्या घरी येऊन म्हणाल्या.

नवरा उसळला. "हॉर्न कोणीही वाजवतं! तू आलीस हे माझं मला कळलं पाहिजे."

रविवारी मावशींनी धंदा बंद ठेवला आणि त्याला मागे बसवून गल्लीत फेऱ्या सुरू केल्या.

"काय मावशी, आज फुकट सवारी?" कोणीतरी विचारलं.

"फुकट कसली? जन्माचा पास आहे त्यांचा!"

मग त्याला उंबऱ्यावर बसवून त्या समोरून कितीदा तरी गेल्या. तो मान वाकडी करून ऐकत होता. संध्याकाळी म्हणाला, "राहू दे. दमलीस तू." मावशींना ते फार लागलं.

सोमवारी त्या कोपऱ्यावर वळल्या. अंगठा हॉर्नकडे गेला, तो त्यांनी मागे घेतला. घर आलं. दार बंदच होतं. मावशी तशाच सीटवर बसून राहिल्या. भंगार विकलं म्हणून मिरवत होतो आपण, आणि त्याच्यासोबत याचं उरलंसुरलं कामही विकून बसलो!

तेवढ्यात आतून आवाज आला,

"अगं, कडी कधीचीच काढलीय! बाहेर बसून काय करतेस? चहा निवतोय."