हिरव्या खुणांचा माणूस

हसणार नसाल तर सांगतो. नाय, हसणारच तुम्ही! तो चहा तरी आधी खाली ठेवा, ठसका लागेल.

मी मुंबईत भांडुपला कंपनीत, बायको सुमन उमरठजवळच्या आमच्या वाडीत. भांडुपला एका खोलीत आम्ही गावचे सहा जण. दर चौथ्या शनिवारी घरी, रविवारी परत. लग्नाला चार वर्षं झाली, पण पाळणा हलत नव्हता. वाडीतल्या बाया सुमनला बोल लावायच्या आणि मी मुकाट ऐकून घ्यायचो. हा माझा पराक्रम!

एका रविवारी संकष्टी बघायला कॅलेंडरपाशी गेलो, तर तारखांवर खुणा! माझ्या शनिवार-रविवारवर लाल फुल्या. मग एक आठवडा सोडून सोमवार ते गुरुवार हिरव्या पेनाने बरोबरच्या खुणा. मागचं पान उलटलं. तेच वार! पुढचं उलटलं, तर पुढच्या महिन्याच्या खुणाही आधीच तयार!

लाल म्हणजे नवरा घरी. हिरवी म्हणजे... कोण? भरीस भर, उशीखाली थर्मामीटर! बाईला ना ताप ना खोकला. म्हणजे येणारा कंपाउंडर असणार! माझ्या डोळ्यांपुढे उभाच राहिला तो. उंच, गोरा, सेंट मारलेला. न बघितलेल्या माणसावर मी इतका जळलो की भांडुपला घास घशाखाली उतरेना.

हिरव्या सोमवारच्या आदल्या दिवशी सुमनचा फोन.

"अवो, उद्या याल का?"

"नाय. रजा नाय."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

बघा! खात्री करून घेतली! मी मेलेल्या आत्याला पुन्हा एकदा मारलं, पाच दिवस रजा काढली आणि सोमवारी सकाळी थेट आमच्या दारासमोरच्या दगडूच्या गोठ्यात शिरलो.

"अरे, तुझं घर समोर हाय ना?" दगडू म्हणाला.

"गप रे! पाळतीवर हाय मी."

सोमवारी सरकारी दवाखान्याची आशाताई आली, गेली. मंगळवारी सिलिंडरवाला. घड्याळ लावलं, दोन मिनिटांत बाहेर. बुधवारी सुमन ठेवणीतली साडी नेसून दारात उभी, डोळे रस्त्याकडे. काय सांगू, काळीज करपलं माझं! गुरुवारीही तेच. कोणी आलं नाही. रात्री दगडूच्या माळ्यावर, दिवसा म्हशीच्या शेजारी, असे चार दिवस काढले.

शुक्रवारी दुपारी राहवेना. तरातरा घरात गेलो आणि कॅलेंडरवर बोट आपटलं.

"कुठं हाय तो?"

"कोण?"

"हिरव्या खुणांवाला!"

सुमनने कपाळावर हात मारला. मग मटकन खालीच बसली.

"अवो, लाल म्हणजे माझ्या पाळीचे पहिले दोन दिवस. हिरवे म्हणजे पोर राहायचे दिवस! महाडच्या डॉक्टरीणबाईंनी मोजायला शिकवलं. अंगावरचं पांढरं तार धरायला लागलं की ते दिवस आले. रोज सकाळी उठल्या उठल्या थर्मामीटर लावायचा, आकडा जरासा चढून तसाच राहिला की ते दिवस गेले. माझी पाळी बरोबर अठ्ठावीस दिवसांनी, म्हणून दर वेळी तेच वार."

"मग मला सांगायचं नाय?"

"कसं सांगू? फोन लावला की खोलीतले पाच जण 'काय म्हणता वहिनी!' आणि तुम्ही येता ते नेमके लाल फुलीत, तरी तुमच्या डोक्यात उजेड पडत नाय. चार वर्षं बोलणी मी खाल्ली. या वेळी लय आशा होती. तुम्ही नाय म्हणालात, तरी दोन दिवस नटून दारात उभी होते मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी धीर करून म्हटलं, "बरं, आता आलोय ना मी!"

"काल संपले." तिने नाक आक्रसलं. "पण अंगाला शेणाचा वास कसला येतोय? कधी निघालात मुंबईहून?"

"सोमवारी."

"सोमवारी? मग चार दिवस होतात कुठं?"

मी बोटाने समोरचा गोठा दाखवला.

तर मंडळी, चार दिवस डोळ्यांत तेल घालून मी ज्याची वाट बघितली, तो काही घरात आला नाही. येणार कसा? तो दगडूच्या म्हशीशेजारी बसून स्वतःवरच जळत होता!