रज्जाकचा डबा आणि पुण्याचे अंक

पुण्याचं एक मासिक दरवर्षी गावाकडच्या तंत्रज्ञानावर खास अंक काढतं. त्यांची माणसं केजला आमच्या दुकानात येतात, घड्याळ बघत बसतात आणि जातात. मागं किस्से राहतात. दुकानातलं भंगार आम्ही वर्षातून एकदा विकून टाकतो. हे किस्से कोण घेणार?

मी जळालेल्या पाण्याच्या मोटारी भरतो, म्हणजे आत नवी तार गुंडाळतो. शाळा चौथीपर्यंत. शेजारच्या टेबलावर रज्जाक मोबाईल दुरुस्त करतो. त्यानं एक डबा बनवला. डब्यात सिमकार्ड. त्याच्या नंबरवर रिंग दिली की विहिरीवरची मोटर चालू, परत दिली की बंद. गावातल्या म्हाताऱ्या आसराबाईचे गुडघे गेलेत, शेतातल्या विहिरीपर्यंत चालवत नाही. तिच्यासाठी बनवला.

माझं म्हणणं एवढंच. डबा कसा चालतो ते नीट छापा, आणि रज्जाकचं नाव टाका.

*

पहिल्या वर्षी एक मुलगी आली. "काका, हा जुगाड सुचला कसा?"

मी म्हणालो, "जुगाड न्हाई. काम हाय. तीन महिने लागलेत."

तिनं लिहून घेतलं. छापून आलं, "तीन महिन्यांचा जुगाड!"

*

पुढच्या वर्षी फोटोग्राफर. रज्जाकला म्हणाला, "धोतर नेसता का? मागं बैल पाहिजे."

"साहेब, मी जन्मात नेसलो न्हाई. आन् मोटर असल्यावर बैलाचं हिरीवर काय काम?"

शेवटी चहावाल्याला उभं केलं. चहावाल्याला शेत नाही, फोन बटणांचा. खाली छापलं, "स्मार्ट शेतकरी!"

*

तिसऱ्यानं उभ्याउभ्याच विचारलं, "एका वाक्यात सांगा, मोबाईलनं गाव बदललं का?"

मी डबा उघडून आतली जोडणी दाखवायला लागलो.

"त्याला जागा नाही, काका. अंक उद्या छपाईला जातो."

अंक आला. आमच्या चार ओळी होत्या. शेजारी फोनची पानभर जाहिरात.

*

यंदाचा पत्रकार बरा वाटला. आसराबाईच्या विहिरीवर गेला, डबा बघितला, डब्यावर लिहिलेला नंबर वहीत उतरवला. रज्जाकला म्हणाला, "या वेळी तुमच्या नावानं पूर्ण पान. रविवारी फोन करून सगळं नीट विचारतो. सोमवारी अंक छपाईला जातो."

रविवारी दुकान बंद असतं. रज्जाकनं उघडलं. इस्त्रीचा शर्ट घालून, फोन समोर ठेवून दिवसभर बसला. जेवायलाही गेला नाही. फोन वाजला नाही.

सांजच्याला आसराबाई रिक्षातून उतरली. "काय रे मेल्या, मोटर आपलीआपली चालू हुती, बंद हुती, परत चालू! हे असं कावून? मेथीत घोट्याएवढं पानी झालं!"

रज्जाकनं जाऊन डबा उघडला. दोष काही नव्हता. डब्यावर पाच रिंगा आल्या होत्या. एकाच नंबरवरून.

अंक आला. पूर्ण पान होतं. रज्जाकचं नाव नव्हतं. तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती.

"डबा बनवणाऱ्याशी आम्ही पाच वेळा फोनवर संपर्क साधला. प्रतिसाद मिळाला नाही."