सुंदरम्माच्या मागं राहिलेला वाफा

तिप्पण्णाशी मी तीन वर्सं बोलत नव्हते. कारण सांगितलं तर हसाल. माझी शेळी त्याच्या परड्यात शिरली, त्यानं दगड भिरकावला आणि शेळी महिनाभर लंगडली. मी भिंतीशी उभी राहून त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या आणि वर शपथ घातली, ह्या माणसाशी पुन्हा बोलीन तर नावाची केराबाई न्हाय. माझं तोंड तसलंच हाय. नवऱ्याच्या माघारी एकटीनं दिवस काढलं ते ह्याच तोंडावर.

तीस सालचा मार्शल लॉ उठून दोन-तीन वर्सं झाली होती, तवाची ही गोष्ट. सोलापुरात मिलच्या मागच्या आळीत आमची दोघांची घरं पाठीला पाठ लावून. दोन परड्यांच्या मधी छातीएवढी मातीची भिंत. तिप्पण्णा मिलच्या विणाई खात्यात. वीस-बावीस वर्सं मागांच्या खडखडाटात उभं राहून कान अर्धे गेलेले, आणि बोलणं त्याहून कमी. माणूस वाईट नव्हता. हे आता म्हणते, तवा म्हणत नव्हते.

त्याची बायको सुंदरम्मा मैंदर्गीकडची. पोटी मूलबाळ न्हाय. कानडी-मराठी एकात एक कालवून बोलायची, मला केराक्का म्हणायची. आमच्या भांडणात ती पडली न्हाय. तो कामावर गेला की भिंतीशी यायची आणि सांजचा भोंगा वाजला की आत पळायची. दिवसभरात तीच एक माझ्याशी धड बोलणारी होती, आणि मी बी तिच्याशीच काय ती धड बोलायची.

तिच्या परड्यात बटाट्याचा एक वाफा असायचा. कार्तिकात बेणं लावायची, शिवरात्रीला काढायची. उपासाला घरचा बटाटा, ह्याचा तिला लई अभिमान. त्यातलं पाच-सहा भिंतीवरनं माझ्या पदरात टाकायची नि म्हणायची, 'त्येला कळू देऊ नगं.' बटाटा कवा काढायचा, हे तिला बरोबर कळायचं. पाला पिवळा पडायला लागला की पाणी तोडायची. पाला वाळून आडवा झाला की आणिक आठ-दहा दिवस हात लावायची न्हाय. मग कडेचा एक उकरून सालीवर अंगठा घासायची. साल सुटली तर माती परत लोटायची. 'कच्चं हाय की अजून,' म्हणायची. माझं माहेर मोहोळकडं, मी रानात वाढलेली. हे सगळं मला बी ठाऊक होतं.

त्या साली बेणं लावून महिना झाला असंल-नसंल, तिला कावीळ झाली. आधी डोळं पिवळं झालं, मग नखं, मग सगळं अंग. झाडपाल्याचं औषध झालं. तिप्पण्णा काम बुडवून उशाशी बसायचा आणि वाटीवाटीनं उसाचा रस पाजायचा. जेवढी ती पिवळी पडंल तेवढा जास्त पाजायचा. एकदा तो विहिरीवर गेलेला बघून मी आत गेले. तिनं माझा हात धरला. 'केराक्का, वाफ्याकडं बघ गं,' म्हणली. मी व्हय म्हणलं.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा चार दिवसांवर आली होती तवा ती गेली. ती लिंगायत माणसं, त्यांच्यात माणसाला जाळत न्हाईत, मातीत बसवतात. तिला बसवून तिप्पण्णा सांजच्याला घरी आला आणि वाफ्याला दोन घागरी पाणी घालून मग आत गेला. दुसऱ्या दिवसापासनं रोज तेच. कामावर जायच्या आधी दोन घागरी. त्याच्या घरात आवाज म्हणून येत नव्हता. भांडं वाजायचं न्हाय, माणूस खोकायचा न्हाय. माझ्या बी घरात तेच होतं म्हणा. भोंगा वाजला की मी अजून सवयीनं भिंतीकडं बघायची.

माघ लागला आणि पाला पिवळा पडायला लागला. मी मनात म्हणलं, आता पाणी तोडंल. तर ह्यानं दोनाच्या चार घागरी केल्या. सकाळी चार, सांजच्याला आणिक चार. आमच्याकडची माती काळी, पाणी धरून ठेवणारी. वाफ्यात चिखल झाला. मला दिसत होतं की हो सगळं. मी तिला व्हय म्हणलं होतं, ते बी याद होतं. पण शपथ आडवी आली. म्हणलं, गरज त्याला हाय, आधी त्यानं तोंड उघडावं.

दोनदा तो भिंतीशी आला. हातात रिकामी घागर. उभा राहिला, घसा खाकरला. दोन्ही बाऱ्यांना मी पाठ फिरवली आणि शेळीला घेऊन आत गेले. दुसऱ्या बारीला आतनं फटीतनं बघितलं, तर तो बराच वेळ तिथंच उभा होता.

शिवरात्र तीन दिवसांवर आली आणि परड्यातनं वास यायला लागला. कुजक्या बटाट्याचा वास रानातल्या माणसाला सांगावा लागत न्हाय. त्या दिवशी मिलला सुट्टी होती. तिप्पण्णा कुदळ घेऊन वाफ्यापाशी उभा राहिला, पण कुदळ काही उचलंना. नुसता मातीकडं बघत राहिला. मला राहवलं न्हाय. लुगड्याचा काष्टा खोचला, भिंत ओलांडली आणि त्याच्या हातातली कुदळ घेतली.

पहिला बटाटा हातातच फुटला. आत पाणी आणि घाण. दुसरा तसाच. तिप्पण्णा खाली बसला आणि हातानं चिखल उपसायला लागला. हाताला येईल ते बोटांतनं गळून जात होतं.

'पिवळं पडलं म्हणून पाणी घातलं,' तो म्हणला. 'पिवळं पडलं की मला भ्या वाटायचं. म्हणलं, हे तरी वाचवावं.'

मी त्याच्या कानाशी वाकून म्हणलं, 'तिप्पण्णा, पिवळा पाला म्हंजी दुखणं न्हवं. बटाटा पिकायला लागला की पाला पिवळाच पडतो. तवा पाणी तोडायचं असतंय.'

त्यानं मान वर केली. 'तुमाला म्हाईत होतं?'

'होतं.'

मला वाटलं आता शिव्या घालंल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो हाताचा चिखल पुसत हळूच म्हणला, 'जायच्या आदल्या दिवशी ती सांगून गेली. बटाटं कवा काढायचं ते केराक्काला विचारा, ती सांगंल, म्हणली. मी दोन येळा आलतो विचारायला.'

मी कुदळ घेऊन भिंतीकडची कड उकरायला लागले.

तिथवर पाणी पोचलं नव्हतं. तिथनं मूठ-दोन मुठी चांगलं बटाटं निघालं. त्यानं एकेकावर अंगठा घासून बघितला, तिच्यासारखाच. साल पक्की होती. मग माझ्यासमोर आला आणि म्हणला, 'पदर धरा. दर साली ती तुमाला देती, म्हाईत हाय मला. कान गेलं, डोळं हायत की.' सगळं माझ्या पदरात टाकलं. आपल्याला एक ठेवला न्हाय.

शिवरात्रीला त्याच्या घरातनं धूर दिसला न्हाय. मी चूल पेटवली आणि बटाटं पुढ्यात घेऊन बसले. ते चुलीवर चढवायला हात होईना. आमच्या हातचं शिजलेलं त्यांच्यात चालत न्हाय, म्हणून सगळं कच्चंच घेऊन परड्यात गेले आणि भिंतीवर ओळीनं मांडलं. तिप्पण्णा पलीकडं उकरलेल्या वाफ्याच्या कडेला बसला होता, माझ्याकडं पाठ करून. मी हळूच हाक मारली. अर्धे कान गेलेल्या माणसाला ती कुटली ऐकू जायला.

उभ्या आळीला ऐकू जाईल एवढा माझा आवाज. तीन वर्सांपूर्वी ह्याच भिंतीवरनं मी तो लावला होता. आता तेवढ्यानं नुसतं त्याचं नाव घ्यायचं होतं, आणि घशातनं आवाज निघंना.