म्हस्कूचं खरं इंग्रजी

६ मार्च १९९६, बुधवार. दुपारी वीज नाही. गुडघा दुखतो. उद्या म्हस्कूची परीक्षा. उजळणीला आला आणि बसल्या जागी झोपला. उठवले नाही.

म्हस्कू वरकुट्याचा. पूर्वी बारामतीत घरोघर दूध घालायचा, आमच्याकडेही. मग एमआयडीसीतल्या एका डेअरीत पिशव्या भरायच्या मशीनवर लागला. अकरा वर्षं उभं राहून त्याच्या पायांच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या. शिफ्ट इनचार्जची जागा निघाली, तेव्हा त्याला पगाराहून जास्त मोह पडला तो खुर्चीचा. इनचार्ज बसतो. पण पाळीची नोंद त्याला इंग्रजीत लिहावी लागते, आणि त्याचीच परीक्षा होती.

म्हणून तीन महिने तो पाळी सुटली की माझ्याकडे यायचा. कॉन्व्हेंटात मला जसं शिकवलं आणि मी अजून डायरीत जसं लिहिते, तसंच मी त्याला शिकवलं : रोज पाच ओळी, आणि जे घडलं तेच लिहायचं.

"बाई, ह्ये 'अप' लय राबतंय," तो म्हणायचा. "उठायचं तर वेक अप, संपवायचं तर युज अप, हात टेकले तरी गिव्ह अप. ह्याला सुट्टी न्हाय का?"

एकदा त्याची बायको सरुबाई बरोबर आली होती. ती म्हणाली, "आता म्हशीलाबी गेट अप म्हनत्यात. ती बगती माझ्याकडं. म्या शेपटी पिळली की उठती."

"तुझी म्हस अडाणी हाय," म्हस्कू म्हणाला.

"व्हय, पर झोपा काढत न्हाय कामावर."

ती थट्टा होती, पण रात्रीच वीज यायची आणि उसाला पाणी धरून तो सकाळी सातला मशीनवर उभा राहायचा, हे तिलाही माहीत होतं.

गुरुवारी संध्याकाळी तो आला. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय लिहायला सांगितलं?"

"कालच्या पाळीची नोंद."

"मग?"

त्याने म्हणून दाखवलं. आय डोज्ड ऑफ. मशीन ब्रोक डाऊन. मिल्क स्पिल्ड ओव्हर. आय वोक अप. आय मॉप्ड अप.

एकही चूक नव्हती.

"अरे, मशीनवर झोपलास हे कोणाला माहीत होतं?"

"कुनालाच न्हाय. सायेब म्हनले, इंग्रजी एक नंबर. आन् जागा दिली दुसऱ्याला. त्यानं दोनच शब्द लिवले, ऑल ओके."

"झोपल्याचं कशाला लिहिलंस मग?"

"घडलं की, बाई." तो हसला. "मराठीत असतं तर निभावून न्हेलं असतं. इंग्रजीत मला खोटं येतच न्हाय."

मला हसू आलं नाही. पंचावन्न वर्षं मी या सवयीचा अभिमान बाळगला, आणि तिची किंमत मोजली याच्या पायांनी.

"उद्या सुट्टी घे."

"उद्या सातला हाय की, मशीनीवर."

तो चपला काढून पाय चोळत राहिला. मी स्टोव्ह पेटवला. बादलीत पाय सोडून तो डोळे मिटून बसला.

तो गेल्यावर डायरीत लिहिले : म्हस्कूच्या पायांसाठी पाणी तापवले. खडेमीठ संपले.