'कडून'चा रकाना

नाशिकच्या द्वारका चौकातल्या टॅक्सी स्टँडवर मला सोडायला सहा माणसं आली होती आणि त्यातली चार ड्रायव्हरशी भांडत होती. आईला बॅग टपावर चालणार नव्हती, बाबांना माझ्यासाठी पुढचीच सीट हवी होती, मामाला कसारा घाट उतरताना या गाडीचे ब्रेक तापणार याची खात्री होती आणि मामीला मामा बोलतोय म्हणून बोलायचं होतं. मी नोकरीसाठी रॉटरडॅमला निघालो होतो आणि माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. उरलेले दोघं, योगेश आणि मेघना, समोरच्या बाजूला मोटरसायकलला टेकून हा तमाशा बघत हसत होते. गाडी सुरू झाली तसा योगेश धावत आला, फडक्यात गुंडाळलेली हार्ड डिस्क खिडकीतून माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाला, "गुरुजी, मिक्स धाडत राहजो. पन 'कडून' लिखाले इसरू नको."

"येडा आहेस का तू?" मी म्हणालो. "मी विसरेन?"

हे मी 'ठेका' ग्रुपवरच्या तुम्हा सगळ्यांसाठी लिहितोय. जे नाशकात राहिलात त्यांच्यासाठी, आणि जे पुण्याला, बंगळुरूला, दुबईला गेलात त्यांच्यासाठीही. ग्रुप अजून आहे. कोणी बाहेर पडलेलं नाही. फक्त कोणी बोलत नाही.

बाहेरच्या कोणाच्या हाती हे पडलं तर त्याला थोडं मागचं सांगायला हवं. डिस्को, फंक आणि बूगीच्या जुन्या गाण्यांचं वेड लागलेले आम्ही नऊ जण. नाशकात असलं वेड लागणं म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने पोरगं वाया जाणंच. दर रविवारी एकाने तासाभराचं मिक्स करून ग्रुपवर टाकायचं. एका गाण्याचा ठेका दुसऱ्यात असा मिसळला पाहिजे की सांधा दिसता कामा नये. मग आठवडाभर बाकीच्यांनी त्याची सालं काढायची. मिक्ससोबत यादी हवीच, आणि यादीत चार रकाने: गाणं, कलाकार, साल आणि 'कडून'. म्हणजे हे गाणं तुला दिलं कोणी. मेघनाने दिलं असेल तर मेघना, आणि तिला तिच्या मावसभावाने दिलं असेल तर त्याचंही नाव. 'कडून' रिकामा असलेलं मिक्स कोणी ऐकायचं नाही, असा नियम होता.

नियम माझाच होता. आमचं घर पंचवटीतलं, पिढ्यान् पिढ्या यात्रेकरूंचे धार्मिक विधी करणारं. बाबांकडे यजमानांच्या वह्या आहेत. कोण कधी आलं, कोणाचा मुलगा, कोणाचा नातू, कुठल्या गावचा, सगळं त्यात. शाई वाळेपर्यंत ते वही मिटत नसत. "नाव लिहून ठेव, माणूस विसरतो," हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं की पुढे मला त्याचा कंटाळा आला. मी भिक्षुकी केली नाही, इंजिनिअर झालो, मंत्र अर्धेअधिक विसरलो. पण ही एक सवय मी फंकच्या गाण्यांना लावली, आणि तिच्यापायी योगेशने माझं नाव गुरुजी ठेवलं.

योगेश देवळ्याचा, बोलणं अहिराणी वळणाचं. शिकायला नाशकात आला आणि नोकरीला लागून इथेच राहिला. आमच्यात कान सगळ्यात तयार त्याचा, हे मी तेव्हाही मान्य करायचो, जरा नाखुशीने. सुट्टीच्या दिवशी तो देवळाली कॅम्पातली भंगाराची दुकानं पालथी घालायचा. बदली झालेली लष्करातली कुटुंबं, घरं आवरणारी म्हातारी माणसं जुन्या रेकॉर्ड रद्दीबरोबर देऊन टाकत, आणि योगेश धुळीत फतकल मारून एकेक उपसायचा. असाच एकदा त्याला एक छोटी रेकॉर्ड मिळाली. कव्हर नाही, मधला कागद वाळवीने अर्धा खाल्लेला. माझ्या खोलीत ती लावली तेव्हा योगेश, मेघना आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो. इंग्रजी गाणं, गायक बेताचा, पण खाली बेस गिटार असा चालला होता की घरातलं कोणीतरी अनवाणी येरझाऱ्या घालतंय असं वाटावं. तसा बेस मी पुढे रॉटरडॅममध्येही फार ऐकला नाही.

ती कोणाची, हे शोधायला योगेशला दोन वर्षं लागली. शेवटी इगतपुरीत त्या बँडचे ड्रमर सापडले. रॉबर्ट अंकल, रेल्वेतून निवृत्त झालेले. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या डान्ससाठी त्यांचा बँड वाजायचा. योगेश त्यांच्याकडे सहा वेळा गेला. पाच वेळा त्यांनी चहा पाजून, हवापाण्यावर बोलून त्याला वाटेला लावलं. सहाव्यांदा त्यांनी सांगितलं की बेस वाजवणारी त्यांची बायको होती, हेझल. बाई गिटार वाजवते हे लोकांना कसं वाटेल म्हणून बँडमधल्या इतरांनी रेकॉर्डवर तिचं नाव छापू दिलं नव्हतं. ती वारली तरी ते कुठेच छापलं गेलं नव्हतं. योगेशच्या यादीत ते पहिल्यांदा लिहिलं गेलं. गाणं: प्लॅटफॉर्म टू. ड्रम रॉबर्ट, बेस हेझल. कडून: रॉबर्ट अंकल, इगतपुरी. टॅक्सीत माझ्या मांडीवर पडलेल्या डिस्कवर ते गाणं होतं आणि ही यादीही होती.

रॉटरडॅममध्ये मी पहिली तीन वर्षं तुम्हाला न चुकता मिक्स पाठवली. तुम्हाला ती आठवत असतील. एवढं आठवत नसेल की ती करण्याशिवाय मला तिथे दुसरं काही नव्हतं. ऑफिस चांगलं होतं, माणसं सभ्य होती. शुक्रवारी काम संपलं की सगळे 'बोरल'ला जमत, म्हणजे बिअर प्यायची आणि उभं राहून बोलायचं. मी उभा राहायचो. त्यांना माझं नाव उच्चारता यायचं नाही, म्हणून ते मला नावाने हाक मारायचंच टाळायचे. नाशकात मी कॉलेज रोडवरून चाललो तर चार जण थांबवायचे. इथे मी सायकलवरून वाऱ्याच्या विरुद्ध पायडल मारत घरी यायचो, पास्ता उकळायचो आणि हेडफोन लावायचो. आई फोनवर विचारायची, "जेवलास का? काय जेवलास?" मी भात-आमटी सांगायचो.

मग एका रेकॉर्डच्या दुकानात ओळखी झाल्या. ती माणसं आपल्यासारखीच वेडी होती, पण त्यांची रीत उलटी. तिथले डीजे दुर्मीळ रेकॉर्डवर कोरा कागद चिकटवतात, कोणाला नाव कळू नये म्हणून. लोक नाव विचारतात आणि तुम्ही सांगत नाही, यात तुमचा मान. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. सहा महिन्यांत माझ्याही रेकॉर्डवर कोरे कागद लागले. तुम्हाला यादी पाठवत होतो तोवर मला वाटत होतं की इथे एक आणि तिथे एक असं चालवता येईल.

त्यांच्यातला एक जण इंटरनेटवर रेडिओ चालवायचा. त्याने मला एका रविवारी तासभर लाइव्ह बोलावलं. मी ग्रुपवर मोठ्या दिमाखात लिहिलं, "तुमच्याकडे संध्याकाळी पाचला लावा. हेझल आंटी वाजणार." तुम्ही टाळ्यांचे हात पाठवलेत. योगेशने काही पाठवलं नाही, नुसतं "हो" लिहिलं.

गाणं लागलं आणि त्या रेडिओवाल्याने कानावरचे हेडफोन काढले. तीन वर्षांत त्या देशात माझ्याकडे असं डोळे मोठे करून कोणी पाहिलं नव्हतं. गाणं संपल्यावर त्याने माइकवर विचारलं, हे आलं कुठून? मी म्हणालो, "माझ्या गावाकडे, भंगाराच्या दुकानात मला सापडलं." त्याने नाव विचारलं. मी मान हलवली. तो श्रोत्यांना म्हणाला, "नाही सांगत हा!" आणि आम्ही दोघं हसलो. बस, एवढंच झालं. मिनिटसुद्धा लागलं नाही.

त्या दिवशी ग्रुपवर एक अक्षर उमटलं नाही. दुसऱ्या दिवशी मेघनाचा फोन आला. तिने सांगितलं की योगेश त्या रविवारी ब्लूटूथ स्पीकर घेऊन इगतपुरीला गेला होता. रॉबर्ट अंकलनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, शेजारच्या दोन घरांतून माणसं बोलावली होती. गाणं वाजलं तेव्हा ते मांडीवर बोटांनी ठेका धरून होते. मग माझं ते इंग्रजी बोलणं झालं, आमचं हसणं झालं, पुढचं गाणं लागलं. अंकलनी योगेशला विचारलं, "उसका नाम बाद में बोलेंगे क्या?" योगेश म्हणाला, शेवटी सांगतात सगळी नावं. कार्यक्रम संपेपर्यंत, म्हणजे आणखी अर्धा तास, ते दोघं स्पीकरसमोर बसून राहिले.

मला आधी राग आला, तोही तुमचाच. तिथे जायला कोणी सांगितलं होतं त्याला? माणसं बोलवायला कोणी सांगितलं होतं? मेघनाला मी हे बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "तूच तर शिकवलंस ना आम्हाला," आणि तिने फोन ठेवला. त्यानंतर मी त्या रेडिओवाल्याच्या मागे लागून त्यांच्या वेबसाइटच्या पानावर रॉबर्ट अंकल आणि हेझल आंटीची नावं घालून घेतली, योगेशचंही घातलं. बारीक अक्षरात, तळाशी. त्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली मोठी माफी लिहिली. तुम्ही आठही जणांनी वाचली. मेघनाने चार दिवसांनी लिहिलं की अंकल आता मुलीकडे ऑस्ट्रेलियाला गेलेत, ते पान त्यांना कोण दाखवणार. बाकी कोणी काही लिहिलं नाही. तुम्हाला दोष कुठल्या तोंडाने देऊ?

गेल्या सुट्टीत मी देवळ्याला गेलो. योगेश आता गावी परतलाय, त्याचं खता-बियाण्यांचं दुकान आहे. त्याने मला हाकललं असतं तर बरं झालं असतं. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, आईबाबांची चौकशी केली, रॉटरडॅमला थंडी किती पडते ते विचारलं. मी रेडिओचा विषय काढला तर म्हणाला, "जाऊ दे ना भाऊ, जुनी गोष्ट शे." मला तो गुरुजी म्हणाला नाही.

कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर हळू आवाजात एक गाणं चालू होतं. मी ते आयुष्यात ऐकलेलं नव्हतं, आणि असलं गाणं वर्षात एखादंच सापडतं. न राहवून मी विचारलं, "योग्या, हे कोण रे?"

त्याने कांद्याच्या बियाण्याचं पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात दिलं. "शे कोनी तरी," तो म्हणाला.

मी इतका खाली घसरलो की टेबलाखाली फोन धरून गाणं ओळखणारं ॲप चालू केलं. त्याला काही सापडलं नाही. योगेशने ते पाहिलं, माउसला हात लावला आणि गाणं बंद केलं. मग त्याने गिऱ्हाइकाला औषध कसं फवारायचं ते नीट समजावून सांगितलं, सगळ्या प्रमाणांसकट.

बाबांनी वहीत माझ्या नावापुढे 'वास्तव्य रॉटरडॅम' असं लिहून ठेवलंय. तिथे लोक मला विचारतात तेव्हा मी घर नाशिक सांगतो. दोन्ही खरं असेल. पण माझं घर म्हणजे ती जागा होती जिथे "हे कोणाचं?" असं विचारलं की समोरचा नाव सांगायचा, साल सांगायचा, आणि नको म्हटलं तरी ते त्याच्याकडे कसं आलं याची दहा मिनिटं कथा लावायचा. रडू येतं ते त्या जागेसाठी, पंचवटीसाठी नाही.

दर रविवारी मी अजून मिक्स करतो आणि ग्रुपवर टाकतो, यादीसकट. कोण ऐकतं, माहीत नाही. आता मला कोणी गाणी देत नाही, सगळी मी एकट्यानेच शोधलेली असतात. त्यामुळे 'कडून'च्या रकान्यात प्रत्येक ओळीला माझंच नाव लिहावं लागतं.